सकाळच्या खेळातला दुभाषा

रत्नागिरीच्या कचेरीबाहेर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल पुष्कळ वर्षांपासून एकाच जागी आहे. शिक्षणाने नववीनंतर माझी साथ सोडली हे खरे. तथापि वस्तुस्थिती कागदावर कशी उभी करावी हे ज्या थोड्या लोकांना या तालुक्यात कळते, त्यांत माझी गणना होते असे लोक म्हणतात आणि ते खोडून काढण्याचे मला कारण दिसत नाही. घटना कोठे घडली, समक्ष कोण होते, जखम किती खोल होती, हे विचारल्याशिवाय मी लेखणी उचलत नाही. अशा माणसाचा जीव घोड्यांच्या सिनेमांत अडकलेला असावा, ही गोष्ट अनेकांना विसंगत वाटते. कारण वस्तुस्थितीचा इतका उघड अनादर मी दुसरीकडे कोठेही पाहिलेला नाही.

घोड्यांचे सिनेमे म्हणजे काऊबॉयचे जुने इंग्रजी सिनेमे. आमच्याकडे त्यांना हेच नाव होते. त्यांतल्या पिस्तुलात गोळ्या भरताना मी कोणालाही पाहिले नाही, आणि त्या संपतानाही क्वचितच पाहिले. दिवसभर धूळ तुडवत आलेल्या नायकाच्या सदऱ्याची इस्त्री मोडत नसे. छपरावरच्या माणसाला गोळी लागली की तो पोट धरून खाली येई, आणि खाली बरोबर गवताचा ढीग असे. रक्त म्हणाल तर करवंद चिरडल्याएवढेही नाही. रात्रीच्या प्रसंगात घोड्यांच्या सावल्या भर दुपारच्या असत. एकदा तर नायकामागचा अख्खा डोंगर वाऱ्याने हलला, कारण तो कापडावर रंगवलेला होता. आम्ही तोही पाहिला आणि पुढे काय होते याची वाट पाहत बसलो. आज मला अधिक खटकते ते वेगळेच. एका गावात एका दिवसात एवढी माणसे मरतात, पण पंचनामा नाही, जबाब नाही, प्रेत ताब्यात घ्यायला नातलग नाही. दुसऱ्या दिवशी दुकाने नेहमीप्रमाणे उघडतात.

हे सिनेमे गावातल्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी कमी दरात लागत. छप्पर पत्र्याचे होते. पावसाळ्यात त्याच्या आवाजापुढे पडद्यावरचा एक शब्द ऐकू येत नसे, आणि त्याने काही बिघडतही नसे, कारण ती भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. त्यासाठी एक रीत पडलेली होती. परदेशी बोटीवर काम करणारा जो कोणी रजेवर गावी आलेला असेल, त्याला बाकाच्या मध्यभागी बसवायचे आणि त्याने मोठ्याने अर्थ सांगत जायचे. मध्यंतरात त्याचा चहा आणि भजी आमच्याकडून. जो एवढे समुद्र ओलांडून आला त्याला इंग्रजी येणारच, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

बंदराजवळच्या मोहल्ल्यातला एक खलाशी या कामात सर्वांत वरचढ होता. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. मचव्याच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीच्या, प्रमुखाला आमच्याकडे तांडेल म्हणतात. याच्या हाताखाली कधी साधी होडीही नव्हती, पण भरलेल्या टॉकीजला तो ज्या रुबाबात हाकत असे त्यावरून आम्ही त्यालाच तांडेल म्हणू लागलो. तो मला वकील म्हणे. पडद्यावर कोणी तोंड उघडले की याचा आवाज सुरू होई. "तो सांगतोय, विहीर माझ्या आज्याने खणलेली आहे, कागद दाखव." मग बंदूकवाला दुष्ट, ज्याला तांडेल सरळ खोत म्हणत असे, उत्तर देई, "कागद कसला बघतोस, हा दगडी गडगा कुठवर आलाय ते बघ." सारे बाक हळहळत. जवळपास प्रत्येक सिनेमात एक म्हातारी असे. तिच्या घरामागची वहिवाटीची वाट खोताने बंद केलेली असे आणि नायक ती मोकळी करून देई. तक्रारदाराचे म्हणणे थोडक्यात आणि ठाशीव कसे मांडावे, याचे पहिले धडे मी त्या बाकांवर घेतले, हे मी आजवर कोणापासून लपवलेले नाही.

टॉकीज बंद पडली. तांडेल बोटीवरून कायमचा घरी आला. त्याचा मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला, आणि त्याची सून इथल्या एका इंग्रजी शाळेत शिकवू लागली. बाजाराला आला की तांडेल माझ्या टेबलाशी बसून चहा घेतो. गेल्या हिवाळ्यात मात्र तो आला आणि चहा न मागताच म्हणाला, "वकील, रविवारी तुला काम आहे."

मी म्हटले, रविवारी कचेरी बंद असते, मला कसले काम.

"आहे. तू माझ्या सुनेला फोन करून सांग, तुला चिपळूणला जायचंय."

हळूहळू सारे बाहेर आले. मुलाने मोठा टीव्ही घेऊन दिला होता. सुनेने त्यावर घोड्यांचा एक जुना सिनेमा शोधून ठेवला होता आणि रविवारी आम्हा दोघांना घेऊन तो पाहण्याचा बेत आखला होता. बाप टॉकीजमध्ये इंग्रजीचा अर्थ कसा सांगायचा, हे मुलाने तिला लग्नाच्या आधीपासून ऐकवलेले होते. तिने ते शाळेतल्या बाईंना सांगितले होते. आता तिला ते प्रत्यक्ष ऐकायचे होते.

"मग ऐकव की," मी म्हणालो.

"तिला इंग्रजी येतं."

"चांगलंच आहे."

"मला येत नाही," तांडेल म्हणाला.

मला आधी ही थट्टाच वाटली. बोटीवर एवढी वर्षे काढली होतीस ना, असे मी विचारले. तो म्हणाला, "इंजिनखोलीत होतो रे. तिथं कोण बोलतंय? यस, नो, आणि शिव्या. तेवढं येतं."

मला राग आला नाही असे लिहिणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्या विहिरीचे काय, मी विचारले. दारूच्या गुत्त्यावरून भांडत असतील, तो म्हणाला. आणि म्हातारीच्या वहिवाटीची वाट? तांडेल म्हणाला, "ती आमच्या घरामागची. आईचा दावा चालला होता तेव्हा." तो दावा त्याची आई हरली होती, हे मला ठाऊक होते. त्या काळचे कागद मी पुढे पाहिले आहेत. मी चहा मागवला.

त्याला सिनेमाची भीती नव्हती. मुलगा तिकडे परमुलखात आपल्या बापाविषयी अभिमानाने चार शब्द बोलतो, आणि ते शब्द सून आता तपासून पाहणार, याने त्याची झोप उडाली होती. चिपळूणचे निमित्त मी नाकारले. एक रविवार टाळला तर दुसरा येतो, हे मी त्याला समजावले. त्याऐवजी, जेव्हा जेव्हा पडद्यावर कोणी बोलेल तेव्हा मीच बोलत राहीन, त्याला तोंड उघडण्याची पाळी येऊ देणार नाही, असे अभय मी त्याला दिले. बोलण्याच्या बाबतीत माझ्यावर विसंबून कोणाचे नुकसान झाल्याचे मला आठवत नाही.

रविवारी दुपारी जेवण करून आम्ही टीव्हीसमोर बसलो. सुनेने पुढ्यात काजू आणि कोकम सरबत ठेवले. सिनेमा सुरू झाला तसा मीही सुरू झालो. गोळ्या मोजल्या. नायकाचा सदरा दाखवला. घोड्यांची धूळ एका बाजूला आणि टोपीची रिबन दुसऱ्या बाजूला उडते आहे, तेव्हा वारा नक्की कुठून वाहतो, असा मुद्दा उपस्थित केला. सून मनापासून हसत होती. "काका, तो बघा, आत्ता मेलेला माणूस श्वास घेतोय," असे तिनेच मला एकदा दाखवून दिले. तांडेल सरबताचा पेला हातात धरून बसला होता. पेला भरलेलाच होता.

मग तो प्रसंग आला. नायक एका एकाकी घरापुढे घोड्यावरून उतरतो. दारात एक वयस्क बाई उभी. बंदूक नाही, घोडे नाहीत, मागचा डोंगरही स्थिर. दोघे नुसते बोलत राहिले आणि मला हरकत घेण्याजोगे काहीच सापडेना. मी दाराच्या कडीविषयी काही सांगू लागलो, तेवढ्यात सुनेने चित्र थांबवले.

"काका, जरा थांबा. अब्बा, आता तुम्ही सांगा ना. ह्यांनी मला किती वेळा सांगितलंय."

नायक तोंड अर्धवट उघडून पडद्यावर तसाच राहिला. मी घसा खाकरून म्हणालो की सदर प्रसंगी मूळ आवाज नीट येत नसल्याने अर्थ लावणे अवघड आहे. तांडेलने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बेटा, मला ही भाषा येत नाही," तो म्हणाला. "तेव्हाही येत नव्हती. मी मनानं सांगायचो. त्याला कळवायचं तर कळव."

सून हातातल्या रिमोटकडे बघत राहिली. माझ्या मनात तिच्यासाठी एक निवेदन तयार होत होते, पण ते मी केले नाही. तिने आवाज पूर्ण बंद केला. खाली येणारी इंग्रजी अक्षरेही घालवली. मग पदर सावरून खाली चटईवर, सासऱ्याच्या पायांशी येऊन बसली.

"मग मनानंच सांगा," ती म्हणाली आणि तिने चित्र चालू केले.

तांडेलला सुरुवात सापडायला वेळ लागला. आवाजही पूर्वीचा राहिलेला नाही. "तो तिला म्हणतोय... म्हणतोय, मावशी, तुमचा मुलगा मला वाटेत भेटला. बरा आहे. जरा वाळलाय."

पडद्यावरची बाई काहीतरी म्हणाली.

"ती काय विचारते?" सुनेने विचारले.

"ती विचारते, घरी कधी येणार."

"मग?"

नायकाने हॅट काढून छातीशी धरली होती. तांडेल त्याच्याकडे टक लावून पाहत होता. "तो म्हणतो, रजेचा अर्ज केलाय. साहेब आज-उद्या करतोय. पण यायचं नक्की आहे."

"नक्की म्हणाला?" सुनेने मागे न वळता विचारले.

"म्हणाला तर आहे," तांडेल म्हणाला.

त्यानंतर गोळीबार पुन्हा सुरू झाला, माणसे छपरांवरून पडली, आणि कोण कोणाला का मारतो आहे हे तांडेल शेवटपर्यंत सांगत राहिला. मी एकही हरकत घेतली नाही.