छोदोलच्या बांधावरचा छरमा

छरमाची काटेरी, आंबट फळांची झुडपं लावावीत तर मेमे अंगरुपांनीच, हे कबूल. बर्फ वितळू लागलं की फाटे तोडायचे, ओल्या पोत्यात गुंडाळायचे, ओढ्याकाठच्या वाळूत खोचायचे. गावाचा हा मेमे, म्हणजे आजोबा, त्यांना लेकरांसारखं जपायचा. पण तोंड! देवा रे, तेवढं सोडून बोला.

गावासाठी अख्ख्या उतारावर छरमा लावायचं ठरलं, तेव्हा त्यांनी फळांनी लगडणाऱ्या झुडपांचेच फाटे घेतले. "फुकट्यांना इथे जागा नाही," म्हणाले, आणि गावातली फळ न धरणारी सगळी झुडपं मुळासकट तोडवली. त्यांचे काटे आम्ही भिंतींवर रचायला नेले. आयते मिळाले, कोण सोडतो?

एकट्या छोदोलने नाही म्हटलं. तिच्या बांधावरचं झुडूप तिच्या गेलेल्या नवऱ्याने लावलेलं. मेमे भर बैठकीत म्हणाले, "मेलेल्याची काटेरी आठवण काय चाटायचीय?" सगळे हसले. ती माहेरी गेली तशी मेमेंनी ते तोडून टाकलं. परत आल्यावर ती बुंध्याशी नुसती उभी राहिली. आम्ही आपापल्या वाटेने निघून गेलो.

उतार दाट झाला, वसंतात फुललाही. पण पानगळीच्या थंडीत आम्ही बायका फळं झोडपायला ताडपत्र्या नि काठ्या घेऊन गेलो तर एक दाणा नाही! पुढच्या वर्षीही तेच. मेमेंनी पाण्याला नावं ठेवली, मग आमच्या नजरेला.

खिंडीपलीकडून त्यांचा मेव्हणा आला, उतारावर हिंडला आणि पोट धरून हसला. "दाजी, सगळ्या बायकाच लावल्यात की! अहो, फळ न धरणारा तो नर. त्याच्यावाचून यांना फळ कसं धरायचं?"

"मग तुमच्याकडचे फाटे दे."

"फाटे तोडायच्या दिवसांत खिंड बंद असते. गावात एखादा नर उरलाय का बघा."

मेमेंचा चेहरा उतरला. उरला होता तो एकच. छोदोलच्या बुंध्याला मुळातून पुन्हा फुटवे आले होते, आणि तिने ते वाढवले होते.

बर्फ वितळू लागल्यावर मेमे मानाचा पांढरा खाताक गळ्यात घालायला आणि छांगचा, जवाच्या दारूचा, घडा घेऊन तिच्या दारी गेले. आमच्यात माफी अशीच मागतात. समोरच्याने घोट घेतला की मिटलं. सारा गाव बघायला छपरांवर चढला.

"चुकलो गं छोदोल," मेमे वाकून म्हणाले. "जीभ झडो माझी."

तिने कोयता आणला, स्वतः फाटे तोडले, ओल्या पोत्यात बांधून दिले. "न्या. उतार सगळ्यांचा आहे."

"घोटभर तरी घे."

"मला कशाला? ज्याचं झाड तोडलंत, त्याला पाजा."

एका काखेत पोतं, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला घडा, असे मेमे चढण चढू लागले. घडा हिंदकळत होता. कुणीतरी उतरून धरायला हवा होता. त्या बैठकीत हसलेले आम्ही सगळे माना खाली घालून छपरांवरच उभे राहिलो.