विहिरीवरची डिश

आकाशातल्या उपग्रहाशी ज्याचं अगदी घरगुती भांडण आहे, असा माणूस अलिबागपासून रेवसपर्यंत एकच, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग. लग्नात जावयाला कुणी अंगठी देतं, कुणी घड्याळ देतं. मला या मामेसासऱ्यांनी शिडी धरण्याचा मान दिला आणि तो आजतागायत दुसऱ्या कुणाकडे जाऊ दिलेला नाही. किहीमला त्यांची वाडी आहे. नारळी-पोफळी, मधोमध जुनी विहीर, एका अंगाला कौलारू घर आणि पडवीच्या कोपऱ्यावर लोखंडी दांड्याला लावलेली ती डिश. मी स्कूटर उभी करून पायातल्या चपला काढतो न काढतो तोच आतून हाक येते, "जावईबापू, आलात? बरं झालं. चहा मागाहून. आधी शिडी."

मामा कोर्टात नाझर होते. समन्स कुणावर बजावलं, कुणी चुकवलं, हे बघण्यात नोकरी गेली. त्यामुळे निवृत्त झाले तरी घरात पुराव्याशिवाय काही चालत नाही. मामींनी आमटीत मीठ जास्त पडलंय म्हटलं तर मामा विचारणार, "प्रत्यक्ष पडताना कोणी पाहिलं?" त्यांचा विश्वास फक्त एका गोष्टीवर बिनपुराव्याचा आहे, आणि ती म्हणजे भरती-ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही येतो. पण तो लोक होडी काढायला वापरतात. मामा तो सगळ्याच गोष्टींना लावतात. आंबोळीचं पीठ फुगलं नाही? ओहोटीत भिजवलंत. गुडघा ठणकतो? उधाण आहे. एकदा आमची ही रागावून माहेरी गेली, तर मामांनी बोटांवर मोजून मला सांगितलं, "तीन दिवस जाऊ नका. भांगाची भरती आहे, जोर नसतो. आपोआप येईल." ती खरोखरच आपोआप आली, आणि तेव्हापासून मामांपुढे बोलायची माझी सोय राहिली नाही.

साहजिकच टीव्हीचं चित्र पहिल्यांदा गेलं तेव्हा मामांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. चित्र सकाळी स्वच्छ असायचं. कुणीतरी बाई कोथिंबीर चिरत असली तर तिचं पान न् पान दिसायचं. संध्याकाळ झाली की मात्र चौकोन चौकोन पडायचे, चित्र मधेच थिजायचं, आवाज तुटायचा आणि शेवटी सिग्नल नसल्याची पाटी यायची. मामांनी निकाल दिला : पाणी चढतं तसा सिग्नल उतरतो. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी ठार ओहोटी असतानाही चित्र फुटलंच; तेव्हा म्हणाले, "ही ओहोटीची उलट ओढ. ती जास्त वाईट."

आता तुम्ही म्हणाल, टीव्ही नाही दिसला तर काय आभाळ कोसळलं? दुसऱ्या कुणाकडे नसतं कोसळलं. पण मामा-मामींची एकुलती एक लेक मुंबईत एका मराठी वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या देते. पडद्यावर तिचं नाव भारदस्त अक्षरांत येतं, घरात ती चिंगी. सणावाराला सुट्टी नाही, कारण सणावाराला बातम्या जास्त. रविवारी तर हमखास ड्यूटी. कधीमधी येते ती सकाळच्या बोटीने, जेवते, आणि ताटं उचलायच्या आत "आई, बोट चुकेल गं" म्हणत पर्स शोधायला लागते. तेव्हा मामींना लेक भेटते ती संध्याकाळच्या बातम्यांत. मोबाईलवर बघा म्हटलं तर वाडीत रेंज धड नाही, आणि असली तरी मामींच्या डोळ्यांना त्यात चिंगी लिंबाएवढी दिसते. म्हणून रोज दिवेलागणीला मामी तोंड धुऊन, पातळ बदलून, केसांत दोन अबोलीची फुलं खोचून टीव्हीसमोर बसतात. लेकीसमोर कसंतरी बसायचं नाही म्हणून. आणि नेमका त्याच वेळी चिंगीचं नाक एका चौकोनात आणि हनुवटी दुसऱ्याच चौकोनात जायची.

मामांनी काय म्हणून केलं नाही! खाऱ्या हवेने गंजलेले तारेचे सांधे खरवडून त्यांना खोबरेल लावलं. डिशच्या पुढच्या बोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, तिला "जागा खाली करण्याबाबत" तोंडी समज देऊन मगच काडीने ते काढलं. दसऱ्याला वाहनं पुसतात तशी डिश कोमट पाण्याने पुसून तिला झेंडूची माळ घातली, आणि ती माळच आड आली म्हणून दुपारी काढली. डिश फिरवायचा कार्यक्रम तर दर रविवारी. मामा शिडीवर, मी शिडीखाली, आणि आत टीव्हीसमोर मामी. मामा वरून ओरडणार, "आली का?" आतून मामी, "आली! आली! ... गेली." मामा केसभर फिरवणार. "आता आली का चिंगी?" "आली, पण डोकं नाही आलं!" एकदा हे ऐकून शेजारच्या वहिनी हातातला तांदळाच्या फेण्यांचा डबा घेऊन धावत आल्या. "चिंगी आली? कधी आली? मला कळवायचं तरी!" मामींनी वहिनींना बसवलं, त्याच फेण्या तळल्या आणि आम्हीच खाल्ल्या.

खरं दुखणं काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं. एका रविवारी आमच्या हिने तोंडावर सांगितलं, "मामा, समोरच्या माडाच्या झावळ्या आड येतात. संध्याकाळी समुद्रावरचा वारा सुटला की त्या डिशसमोर हलतात. त्यात भरतीबिरती काही नाही." डिश बसवणारा अलिबागहून आला तोही तेच म्हणाला, "मामा, या माडाचाच तरास हाय. शेंडा उडवला की चित्र फस्क्लास." मामांनी त्याला चहा पाजला, वर दोन शहाळी दिली आणि वाटेला लावला. मग आम्हाला म्हणाले, "माडाचं नाव आरोपपत्रात नाही."

नसणारच. कारण तो चिंगीचा माड. चिंगी जन्मली त्या वर्षी मामांनी आपल्या हाताने खड्डा करून, तळाला मीठ घालून रोप लावलं होतं. त्याचा एक नारळ दरवर्षी नारळी पौर्णिमेला समुद्राला जातो आणि एक येईल त्याच्या हाती मुंबईला. आंब्याची फांदी छाटली तर आंबा वाचतो. माडाचा शेंडा उडवला की माड मेला. डिश दुसरीकडे न्यावी तर वाडीत आभाळ दिसतं कुठे? दिसतं ते फक्त विहिरीवर, आणि विहिरीवर लोखंड ठोकायचं नाही हा मामांच्या वडिलांचा दंडक. विहिरीत आसरा आहेत, पाण्यातल्या देवता; त्यांना लोखंड आवडत नाही. मग राहता राहिलं काय? शिडी आणि जावई.

पाऊस उलगडला आणि माडाने नवी झावळी काढली, तसं अडखळत येणारं चित्रही बंद झालं. संध्याकाळभर नुसती पाटी. त्या रविवारी दिवेलागण झाली तरी मामी स्वयंपाकघरातच. पातळ बदललेलं नाही, डोक्यात फूल नाही. मामा म्हणाले, "अगो, वेळ झाली." मामी पाठमोऱ्याच बोलल्या, "राहू दे. पाटीसमोर कशाला बसायचं नटून?"

मामा उठले. पडवीतला कोयता घेतला आणि चिंगीच्या माडाखाली जाऊन उभे राहिले. तेवढ्यात मामी खिडकीतून कडाडल्या, "माडाला हात लावलात तर याद राखा! लेक दिसत नाही ती नाही. आता तो पण तोडा!" मामांनी कोयता खाली ठेवला. मग वळले ते थेट विहिरीकडे गेले. कठड्यावर नारळ ठेवला, हात जोडले आणि कोर्टात अर्ज वाचावा तशा खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बायांनो, वडिलांचा हुकूम मोडतो आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या, घरातल्यांना नको. पण सिग्नल द्या." आणि मला म्हणाले, "जावईबापू, पहार आणा."

दुसऱ्या दिवशी डिश बसवणाऱ्याला पुन्हा बोलावलं. लांब तार ओढून डिश कठड्याशी उभी राहिली आणि त्या संध्याकाळी चिंगी पडद्यावर अशी आली की तिच्या कानातले मोतीसुद्धा दिसले. वारा सुटला, माड डोलला, चित्र ढिम्म हललं नाही. सबंध बातम्या संपल्या, चिंगीने नमस्कार केला, जाहिरात लागली. मामा विजयी मुद्रेने मामींकडे वळले, "काय? दिसली ना?"

मामी हातातल्या बांगडीशी चाळा करत होत्या. म्हणाल्या, "दिसली हो. फार छान दिसली. पण पूर्वी मधेच थांबायची. तोंड अर्धवट उघडं ठेवून का होईना, थांबायची. पोटभर बघून घ्यायचे मी. वाळली का, झोप झालीये का. आता आली, बोलली आणि गेली. अगदी इथे येते तश्शीच." आणि डोळे पुसून भात लावायला उठल्या.

पुढच्या रविवारी मी गेलो तर हाक नाही की शिडी नाही. मामी अबोली खोचून टीव्हीसमोर, बातम्या सुरू झालेल्या, आणि मामांचा पत्ता नाही. मागल्या दारी गेलो तर मामा विहिरीपाशी, चिंगीच्या माडाची एक पडलेली झावळी दोन्ही हातांनी तोलून धरून, डिशच्या कडेला उभे. मी काही बोलणार तोच दटावलं, "श्श! एकदम आड आणली की पाटी येते. कडेकडेने सरकवायची. मग चिंगी थिजते चांगली."

"आणि भरतीचं काय, मामा?"

"भरतीचा इथे काय संबंध?" म्हणाले. मग मान वळवून घराकडे हाक दिली, "काय गो, ठीक आहे ना?"

आतून मामींचा आवाज आला. इतका खूश आवाज मी त्या घरात फार दिवसांत ऐकला नव्हता. "अहो, थांबली बघा! आज पुन्हा थांबली!"

अख्खी झावळी चांगलीच जड असते. मी पुढे झालो आणि दुसरं टोक धरलं.