दुसऱ्यांदा भरलेला बर्फ

आमच्याकडे बाळंतिणीला मरळ मासोळी खाऊ घालतात, आणि ती मेलेली चालत नाही. लेक बाळंतपणाला यायची असली की माय तळ्यातून मरळ आणून पाण्याच्या रांजणात जिवंत सोडून ठेवायची. बाळंतिणीची हांडी वेगळी चढे. त्या हांडीतलं घरात दुसऱ्या कोणी तोंडाला लावायचं नाही.

आम्ही सिंदेवाहीजवळचे, मासे मारून जगणारे. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. ती पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा ऐन उन्हाळा होता, तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. मुलगी झाली, बाई अशक्त, आणि रांजण रिकामा. मायचा जीव टांगणीला लागला.

भाऊजी, म्हणजे बाईचा नवरा, माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते. निरोप मिळताच ते चांद्याच्या बाजारातून हातभर लांब मरळ घेऊन आले. टोपल्यात बर्फ, त्यावर धानाचा कोंडा, वरून ओलं गोणपाट. बर्फ आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता. लेकरं सोडाच, म्हातारेही हात लावायला आले आणि चटका बसल्यासारखा मागे घेऊन हसले. भाऊजी घामाघूम होते आणि खूश होते.

"गाडी वाटेत लय वेळ उभी राह्यली, मामी," ते मायला म्हणाले. "बर्फाचं पानीच झालं होतं, मासोळी नरम पडून राह्यली होती. मंग मूल गावच्या टेसनावर सरबतवाल्याजवळून दुसरा बर्फ घेतला अन् पुन्ना भरली. आता पाहा कशी कडक झाली."

जिवंत मरळ कुठे मिळणारच नव्हती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि जावयाचं कौतुक केलं. मासोळी पारखण्यात मायचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. अंगठ्यानं दाबायची, खळगा राहिला की मासोळी बाद. तिनं दाबून पाहिलं. बर्फानं लाकूड झालेल्या मरळीत खळगा पडणार कुठून? वासही थंडीत दबलेला. कल्ले तेवढे फिके होते, ते बर्फाच्या पाण्यानं धुतले गेले असतील असं तीच म्हणाली. बर्फ पुन्हा भरला की मासोळीही पुन्हा ताजी होते, असं सगळे धरून चाललो. त्या भाबडेपणाचा मला अजून संताप येतो. एवढे जन्माचे मासेवाले, आणि कोणाला शंका येऊ नये!

माय अर्धी मरळ शिजवायला घेऊन गेली. दुपारी बाई जेवली, बऱ्याच दिवसांनी पोटभर. संध्याकाळी उलट्या आणि जुलाब सुरू झाले. बैलगाडी जुंपून दवाखान्याकडे निघालो, पण बाई वाटेतच गेली. तिचा पदर दुधानं ओला झाला होता.

माती देऊन आल्यावर, भाऊजी बाहेर माणसांत बसले असताना, मायनं कोपऱ्यातलं टोपलं उघडलं. बर्फ केव्हाच वितळला होता आणि उरलेल्या मरळीचा वास घरभर झाला. मायनं अंगठा टेकवला तो आतच गेला. तिनं ते सगळं परसात खोल पुरलं.

"जवाईबापूले सांगू नोको," एवढंच ती मला म्हणाली.

पुढे भाऊजींनी विचारलंच. "मामी, मासोळी तं चांगली होती ना?"

"चांगली होती," माय म्हणाली. "बाळंतरोग होता तिले. तुमच्या मासोळीनं घास गोड गेला तिले."

मला वाटलं, हे झाकणं कधीतरी संपेल.

वर्षश्राद्धाला भाऊजी आले ते डोक्यावर टोपलं घेऊन. बाईच्या नावानं पान वाढायचं होतं, तिला आवडली म्हणून मरळ आणली होती.

"वाटेनं बर्फ बदलवत आलो, मामी," ते म्हणाले. "खराब नाई होऊ देली."

मायनं टोपलं दोन्ही हातांनी घेतलं, बरं केलं म्हणाली आणि परसात गेली. मी मागे गेले. टोपलं पुढ्यात घेऊन ती पदर तोंडात कोंबून रडत होती; अंगणात भाऊजी लेकीला खेळवत होते आणि त्यांना ऐकू जायला नको होतं.