निळं ऊन

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. नरोलीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून रोज संध्याकाळी निळा उजेड बाहेर पडायचा, आणि चाळीतल्या सगळ्यांची खात्री होती की आम्ही गुपचूप टीव्ही घेतलाय. शेजारची भाभी तर पोरंटोरं घेऊन दारातच यायची, "भाभी, जरा पिक्चर दिखाओ ना!" घ्या बघून, म्हणून मी दार उघडायची. नायलॉनच्या जाळीची खाट, वरखाली निळ्या ट्यूब आणि मधे डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली, नुसत्या चड्डीवर निजलेली माझी चार वर्षांची मुलगी. पोरं घाबरून पळायची. हळूहळू कुणी यायचंच बंद झालं.

ती जन्मली ती पिवळी, आणि तिची कावीळ काही उतरलीच नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?" आहे ना. माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा माझा नवरा. आमच्या खानदेशात मामाची मुलगी करायची जुनी रीत. डॉक्टर म्हणाले, आईबाप दोघांच्याही रक्तातून आलेला हा दुर्मीळ आजार आहे. रक्तातला पिवळेपणा हिचं शरीर आपणहून बाहेर टाकू शकत नाही, निळा उजेड कातडीवर पडला तरच तो निघतो. रोज निम्मा दिवस तरी उजेडात ठेवायचं. खंड पडला तर पिवळेपणा मेंदूत चढणार. "एकदा चढला की आमच्या हातात काही नाही," असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

आमचे हे जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. ती खाट यांनीच बनवली. पोरगी त्या उजेडाला 'निळं ऊन' म्हणायची. पट्टी बांधताना रोज भांडायची, चावायचीसुद्धा, आणि मग माझं बोट धरून झोपायची. सकाळी मी तिला दारात न्यायची आणि नाकाच्या शेंड्यावर अंगठा दाबून सोडायची. दाबलेल्या जागी कातडी किती पिवळी दिसते, ते बघायचं. डोळे तर तिचे कायमच पिवळे, त्यांच्यावरून काय कळणार?

आत्या, म्हणजे माझी सासू, गावाहून आली की स्वैपाकघराचा ताबा घ्यायची. काविळीच्या माणसाला हळद चालत नाही, हा तिचा कायदा. वरण पांढरं, भाजी पांढरी. हळदीचा इथे काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं, पण आत्यापुढे बोलायची कुणाची टाप! चार वर्षं, ती आली की आम्ही तसंच जेवलो.

मग नणंदेचं लग्न ठरलं. आम्ही चार-पाच दिवस आधीच गावी निघालो. यांनी ट्यूब गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर धरल्या होत्या. आत्याने ती गोधडी सोडूच दिली नाही. "पाव्हणेरावळे येणार. हे निळं निळं बघून विचारतील, पोरीला काय झालंय. रक्तातला आजार म्हणून बोभाटा झाला तर माझ्या लेकीला कोण करून घेईल? लग्न लागू दे, मग लाव हवं तेवढं."

मी यांच्याकडे बघितलं. हे चपलांकडे बघत होते. आईसमोर यांची कायम दातखीळ! मी भांडले, ओरडले. जावेने हाताला धरून आत नेलं, लग्नघरात शोभा नको म्हणून. शेवटी मी पोरीला दिवसभर अंगणात उघडी बसवू लागले. अगदीच अडलं तर ऊन तरी द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज अंगठा दाबून बघत होते. वाढत होतं, पण हळूहळू.

हळदीच्या दिवशी वराकडची माणसं आली. मी पाणी भरून परतले तर पोरगी अंगणात, नखशिखांत हळदीने माखलेली. नवरीला लावून उरलेली हळद आत्याने तिला चोपडली होती, कानामागे, मानेवर, पापण्यांवरसुद्धा. वरणात चिमूटभर पडू न देणाऱ्या त्याच हातांनी! "आता कोण ओळखतंय?" आत्या हळूच मला म्हणाली. खरंच होतं. अख्खं लग्नघर पिवळं झालं होतं. पोरगी तर हरखून गेली होती. "आई, बघ ना, सगळे माझ्यासारखे झाले!"

मी तिला धुतलं. धुऊन जाईल ती हळद कसली. आत्याने पुन्हा लावली. आता अंगठा दाबावा तर हळदच दिसायची, आणि ऊन कातडीपर्यंत पोचत होतं की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी ती झोपाळली. लग्नघरात पोरं दमतातच, असं जो तो म्हणाला. अक्षता पडल्या, वरात गेली. मी तिला जेवायला उठवायला गेले तर तिची मान मागे ताठ ओढली गेली होती आणि हाक मारली तरी ती माझ्याकडे बघेना.

जीपमध्ये यांच्या मांडीवर पोरगी आणि पायाशी ती ट्यूबची गोधडी. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे डोळे उघडून बघितले आणि यांना बाजूला नेलं. मेंदूत चढलं होतं. दुसऱ्या दुपारी ती गेली.

घरी आणली तेव्हा मांडव अजून उतरवला नव्हता. आमच्यात मुलीला हळदकुंकू लावून पाठवतात. आत्या रडत रडत आतून वाटी घेऊन आली. लग्नातलीच हळद. तिने खाली वाकून बोटं बुडवली, आणि मी तिचं मनगट धरलं.

"आत्या, आता हिला कुणापासून लपवायचंय?"

वाटी तिच्या हातात तशीच राहिली. मी पोरीचा चेहरा पदराने पुसला आणि नुसतं कुंकू लावलं.