खुराड्यावरचा पत्रा

ओढ्याकाठी आज ताज्या ऑइलपेंटचा वास आला अन् आमची कारभारीण आठवली. ओढ्यावरच्या पुलाचा खर्च वाढला की ठेकेदार जुन्या आकड्याचा पत्रा काढून नवा फलक लावायचा. पूल मात्र दोन खांबांवरच थांबलेला. पल्याड तिचं माहेर. एकदा तिनं तो टाकलेला पत्रा डोक्यावर घेतला. ठेकेदाराचा माणूस वरडला, "आज्जे, सरकारी हाय त्यो!" ही म्हणाली, "पूल बी सरकारीच न्हवं? पूल दे, पत्रा घिऊन जा." घरी येऊन तिनं कोंबड्यांच्या खुराड्यावर त्याचं छप्पर केलं. म्हणाली, "पुलावरनं म्हायेरी जाईन, तवाच कोंबडी कापू." पुढं निघालेला दर पत्रा म्या घरी आणायचो, कुठं ठेवायचा ते ती सांगायची. पूल व्हायच्या आधीच ती वारली. आज पुन्हा आकडा वाढला. काढलेला पत्रा म्या सवयीनं घरी आणला अन् दारातनं हाक मारली, "कुठं ठिवू गं ह्यो?"