बाबांच्या ताटातला पांढरा भात

रिसोडच्या आमच्या गिरणीच्या ओट्यावर कोंडा साचतो तसे किस्से साचतात. आज झाडले की उद्या तेवढेच. लोक पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. बहुतेक किस्से माझ्या बापाचे आहेत.

मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडून मी गिरणीवर बसलो. त्याच वर्षी बाबांनी इंजिनावर धान सडायचं मशीन आणलं. तांदूळ कसा, तर दुधासारखा. बाबांनी घरातलं उखळ-मुसळ परसात फेकलं. "हातसडीचा तांदूळ अन् ज्वारीची भाकर मजुरायनं खावी. आपून गिरणीवाले." तेव्हापासून दोन्ही वेळ भाताचा डोंगर.

* * *

कोंडा म्हशीला जायचा. हळूहळू बाबा वाळले, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. म्हैस मात्र चमकायची.

शेजारचे पेन्शनर आबाजी ओट्यावरून म्हणाले, "काय राजा, म्हशीले दाना चारून राह्यला अन् खुद टरफलं खाऊन राह्यला काय?"

सगळे हसले. बाबाही हसले, आणि तांब्याभर पाणी प्यायले. मग आणखी एक तांब्या.

* * *

बाबा परसात ज्या भिंतीपाशी लघवीला बसत, तिथे मुंग्यांची रांग लागली. मी घाबरून आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याला दाखवली.

आत्या म्हणाली, "घरात बरकत आली रे." आणि मुंग्यांना वरून चिमूटभर साखर घातली.

* * *

शेवटी बैलांच्या दमणीत घालून बाबांना वाशीमला नेलं. डॉक्टरने लघवी तपासली. "साखर आहे. पांढरा भात बंद. भाकरी, भाजी, ताक. हातसडीचा तांदूळही मूठभरच; तो काही औषध नाही."

बरोबर आलेल्या आबाजींनी रस्त्यातच निकाल फिरवला. "भातानं काय होते? दोष पान्याचा हाय. विहीर बदल."

बाबांनी विहीर बदलली. भात तोच.

* * *

मग अंगठ्याला जोडा चावला. जखम भरेना. दुखतही नव्हती, म्हणून बाबा खूश, आणि मला त्याचीच धडकी.

"बाबा, पाय जाईन तुमचा."

"शाळा सोडलेल्यानं मले शिकवू नये."

जखमेची कड काळी पडली, तेव्हा कुठे गृहस्थ भ्याला. भात सोडला.

* * *

पण गिरणीवाल्याच्या ताटात भात नाही, हे पाहुण्यांना दिसलं तर इज्जत जाते! म्हणून डोंगर तसाच वाढायचा. बाबा बाजूची भाकरी खाऊन उठायचे. आमच्यात अन्न टाकत नाहीत, आणि बायको नवऱ्याच्याच ताटात जेवते. माय बसायची आणि तो सगळा भात संपवायची.

"माय, नको खाऊ."

"काहून? मले कुठं बीमारी हाय?"

बाबांचा अंगठा भरत आला. भिंतीपाशी मुंग्या दिसेनाशा झाल्या. आबाजी ओटाभर सांगत सुटले, "पाहा, विहीर बदलली अन् गडी उभा राह्यला."

काल माय न्हाणीतून बाहेर आली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "आणखीन दे रे."

मी न्हाणीत डोकावलो. मोरीच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती.

मागून आत्या आली. तिच्या चिमटीत साखर होती.