आरतीची गादी

चहा आधी बशीत ओतायचा, मग त्यावर फुंकर घालायची. दोरा दाताने तोडायचा. कुणाच्याही घरी बसण्याआधी गादी हाताने दाबून बघायची आणि गालात हसायचं. सुई टोपीत खोचायची आणि घरभर शोधत फिरायचं.

भोकरच्या खाजा पिंजाऱ्याच्या या सवयी आदिनाथला पाठ होत्या. दोघे शाळेपासूनचे दोस्त. आदिनाथ नांदेडला मराठीत एम. ए. झाला. खाजा बापाजवळ गाद्या भरायला शिकला आणि त्यातच खूश राहिला. कापूस पिंजताना त्याच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. "बघ, तुझ्याआधी म्हातारा झालो," म्हणायचा.

हंगामात तो किनवटकडे कापसाच्या जिनिंगवर कामाला जाई. यंदा जाण्याआधी त्याने आदिनाथच्या बहिणीची, आरतीची, लग्नाची गादी भरली. तीन बाजू शिवल्या, चौथी उघडी ठेवली. त्याच्या घराण्याचा रिवाजच तसा. शेवटची मूठ नवरीच्या आईने घरच्या रानातल्या कापसाची घालायची, मगच तोंड शिवायचं. आरतीच्या आईच्या, धोंडाबाईच्या, रानात वेचणी अजून व्हायची होती.

"लग्नाआधी येतो, काकू. मूठ काढून ठेवा."

"न्हाई आलास तर मीच टाके घालीन."

"तुमचे टाके? मग आरती महिन्याभरात फरशीवर झोपंल."

धोंडाबाई हसत त्याच्या अंगावर धावून गेली.

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा त्याचा फोन आला. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. सिग्नलला मालगाडी थांबली होती, गावाकडे निघालेले मजूर तिच्या रिकाम्या डब्यांत चढत होते. "मी बी चढून राहिलो. काकूला सांग," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आदिनाथने आईला सांगितलं. तिने लगेच नुकत्याच वेचलेल्या कापसातून मूठभर निवडायला घेतला.

पुढच्या वळणावर डबे रुळांवरून घसरले. बरेच मजूर गेले. त्यांत खाजा होता.

दफन झाल्यावर त्याची आई, बानोबी, स्वतः आली. पोरीचं काम अडवू नका, म्हणाली. धोंडाबाईने मूठ आत सरकवली. सुई शोधावी लागली नाही. खाजाने ती गादीच्या कडेला खोचून ठेवली होती, दोरा ओवून. चौथ्या बाजूचा पहिला टाका त्याने घातलेला होता.

धोंडाबाईने पुढचा टाका घालायला सुई उचलली. मग होती तिथेच परत खोचली.